पत्रकारिता शिकायला परदेशी जायचं आहे : इंटर्नशिप खरंच करता येते का? (अनुभव असलेल्यांनी सांगा)

वडणगेकर

नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. (मी मुलगी हाय, आमच्याकडं पोरीपण 'जातो-येतो'च म्हणतात, बाहेरच्यांनी गोंधळू नका.) शिवाजी विद्यापीठातनं पत्रकारिता केली आणि गेली अडीच वर्षं एका दैनिकात हाय. आधी डेस्कवर पानं लावली, आता महापालिका बीट (म्हणजे तिथल्या बातम्या माझ्याकडं) आणि पावसाळ्यात पूर. गेल्या महिन्यात ब्रिटनमधल्या, वेल्सच्या कार्डिफ विद्यापीठाची एमए इंटरनॅशनल जर्नालिझमची ऑफर आली, सप्टेंबर २०२६ ची.

पहिल्या दिवशी घरात पेढे आणि दुसऱ्या दिवशी हिशोब. पप्पा हायस्कूलला शिक्षक, दोन एकर ऊस, भाऊ अजून डिप्लोमाला. पप्पा म्हणतात पेपरात लिहायला विलायतेला कशाला जाय पाहिजे, बातम्या काय इथं कमी हायत काय. रागानं नाही म्हणत, त्यांना खरंच कळत नाही आणि मलाबी नीट सांगता येत नाही. शहरातल्या एका कन्सल्टंटकडं गेलतो, तो म्हणाला मॅडम काय काळजी करू नका, उन्हाळ्याच्या सुट्टीत फुल टाइम इंटर्नशिप करा, बाकी वेळ फ्रीलान्स लिहा, राहण्याचा खर्च सहज निघतोय. ऐकायला लई बरं वाटलं, पण दोन वर्षं महापालिकेत अधिकाऱ्यांचं ऐकून ऐकून एवढं कळतंय की 'सहज' म्हणणाऱ्या माणसाला दुसरा प्रश्न विचारायचा असतो, आणि मला तो दुसरा प्रश्नच सुचेना.

जे जाऊन आलेत त्यांनी खरं काय ते सांगा. आणि मराठीत काम केलेल्याला तिकडं कोण विचारतं का, हे पण.

रंकाळ्यावरचा

ताई अभिनंदन! मी २०२४-२५ ला कार्डिफलाच होतो, अजून इथंच आहे, रात्रीचे अकरा वाजलेत आणि तुझं वाचून झोप गेली म्हणून सगळं एकदमच लिहितो.

कन्सल्टंटनं सांगितलेल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. त्याच्यावर विसंबून बजेट बसवू नकोस, हात जोडून सांगतो.

फ्रीलान्सचं आधी. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर सेल्फ-एम्प्लॉइड म्हणून काम करता येत नाही. म्हणजे नोकरी चालते, कॅफेत, लायब्ररीत, दुकानात, टर्म चालू असताना आठवड्याला २० तास, पण लेख लिहिला आणि त्याचं बिल पाठवलं की तो व्यवसाय झाला. इंजिनिअरिंगच्या पोराला हा नियम माहीत नसला तरी काय बिघडत नाही, आपला मात्र अख्खा धंदाच त्याच्यावर चालतो. आणि इथल्या पेपरला नको, कोल्हापूरच्या पेपरला पैसे घेऊन लिहितो म्हटलं तरी तेच, काम तू कुठं बसून करतेस ते बघतात. स्वतःचं यूट्यूब चॅनल, त्याला जाहिराती, तेही त्यातच येतं.

आता सुट्टी. बीएच्या पोरांना उन्हाळ्याची सुट्टी असते, त्यात ती फुल टाइम काम करू शकतात. एक वर्षाच्या एमएला उन्हाळा म्हणजे डिझर्टेशनचा, प्रबंधाचा काळ, तो टर्ममध्येच धरतात. जून, जुलै, ऑगस्ट, कोर्स संपेपर्यंत २० तासच. माझ्या बॅचमध्ये एकाला एका न्यूजरूममध्ये सहा आठवड्यांची फुल टाइम इंटर्नशिप मिळालेली, पगारी होती, नियम कळल्यावर सोडावी लागली. त्यानं ज्या दिवशी तो नकाराचा मेल टाइप केला त्या दिवशी आम्ही किचनमध्ये समोरासमोर बसलेलो, चहा गार झाला तरी कोण काय बोललं नाही.

बिनपगारी असेल तर चालेल असंही काहीजण सांगतील. नाही चालत. बिनपगारी काम पण त्या २० तासांत मोजतात. आठवडा सोमवार ते रविवार धरतात, एका आठवड्यात २४ झाले आणि पुढच्या आठवड्यात १६ केले म्हणून भरपाई होत नाही.

मग रस्ता कुठला, तर प्लेसमेंट. इंटर्नशिप तुझ्या कोर्सचाच भाग असेल, तिला मार्क असतील, विद्यापीठाची देखरेख असेल, तर ती २० तासांच्या बाहेर धरतात आणि फुल टाइम करता येते, फक्त अशी प्लेसमेंट एकूण कोर्सच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावी लागते. तुझा दुसरा प्रश्न हाच आहे. विद्यापीठाला मेल टाक की प्लेसमेंट कोर्सचा अविभाज्य आणि मूल्यमापन होणारा भाग आहे का, किती आठवडे, आणि ती शोधून कोण देतं. 'इंडस्ट्रीशी उत्तम संबंध' असलं वाक्य आलं तर ते उत्तर समजू नकोस, परत विचार.

वडणगेकर

बापरे. हे त्या माणसाला माहीत नव्हतं का सांगितलं नाही देव जाणे. उद्या सकाळीच मेल टाकतो.

मग फ्रीलान्स कधीच नाही का करता येत?

रंकाळ्यावरचा

कोर्स पास झाल्यावर ग्रॅज्युएट व्हिसा घेतला की येतं. त्यावर नोकरी करा, स्वतःचं काम करा, दोन्ही चालतं. पण तुझ्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेव. ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत अर्ज करणाऱ्यांना तो दोन वर्षांचा मिळतोय, १ जानेवारी २०२७ पासून १८ महिन्यांचा. तुझा कोर्स २०२७ ला संपणार, म्हणजे तुला दीड वर्षच.

त्यानंतर राहायचं तर स्किल्ड वर्कर व्हिसा, त्याला पगाराची अट वर्षाला ४१,७०० पौंड, नवख्यांना सवलत धरून ३३,४००. छोट्या शहरातल्या पेपरात ट्रेनी रिपोर्टरला तेवढा पगार नसतो. लंडनला मोठ्या ठिकाणी असेल, पण तिथं जागा किती आणि रांग केवढी. म्हणून 'तिकडं सेटल होणार' ह्या हिशोबावर कर्ज काढू नकोस, शिकून परत येणार आहे ह्या हिशोबानं जेवढं झेपतंय तेवढंच काढ.

बिंदूचौक

पोरी, मी ह्या शहरात तीस वर्षं बातमीदारी केली, तालुका प्रतिनिधीनं एसटीच्या कंडक्टरकडं पाकीट दिलं की संध्याकाळी स्टँडवर जाऊन घेऊन यायचं त्या काळापासून. तुझ्या वडिलांचा प्रश्न मला पूर्वी बरोबर वाटायचा, आता वाटत नाही. कारण सांगतो.

कालच ६ जानेवारी झाली, पत्रकार दिन, हार घातले, भाषणं झाली. बाळशास्त्रींनी १८३२ ला 'दर्पण' काढलं ते एका पानावर दोन स्तंभ करून, एकीकडं मराठी आणि एकीकडं इंग्रजी. आपलं म्हणणं साहेबाला कळावं आणि साहेबाच्या जगातलं आपल्या माणसाला कळावं, दोन्ही कामं एकाच अंकात. आपल्या धंद्याची सुरुवातच दोन भाषांत उभं राहून झालेली आहे. तू जातीयस ते त्यातलंच.

आता कोल्हापूरच्या गरजेचं बोलतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून इथं उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, सहा जिल्ह्यांचं कामकाज इथं चालतंय. इतकी वर्षं मागणी लावून धरली, पानं भरभरून लिहिलं, पण बेंच आल्यावर त्या कोर्टात बसून निकाल नीट वाचून साध्या मराठीत सांगणारी पोरं किती आहेत? हाताच्या बोटांवर. कोर्टाचं वार्तांकन तिकडं शिस्तीनं शिकवतात असं ऐकून आहे. ते शिकून ये. रंकाळ्यावरचे, त्याबद्दल लिही की.

रंकाळ्यावरचा

काका, लिहितो. मला सगळ्यात जास्त ज्याचा फायदा झाला ते हेच.

आम्हाला पहिल्या टर्मलाच मॅजिस्ट्रेट कोर्टात पाठवलं. कुणाची ओळख नाही, चिठ्ठी नाही, दारात बॅग तपासली आणि आत जाऊन बसलो. समोर निकाल देणारे तीन जण, त्यातला एकही वकील नाही, साधी माणसं, बाजूला कायद्याचा सल्लागार. दारू पिऊन गाडी चालवल्याची केस होती, सगळं मिळून वीस मिनिटांत संपलं. मी पाच पानं लिहिली आणि बाहेर येऊन बघतो तर आरोपीचं वय लिहिलेलं नाही. इथं कोर्टाच्या बातमीत नाव, वय आणि पत्ता घालतात, सगळा नाही, गल्लीपर्यंत, कारण त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाची बदनामी व्हायला नको. सरांनी बातमी वाचलीच नाही, परत केली. म्हणाले वय नाही म्हणजे कुठला माणूस ते तुला माहीत नाही. आपल्याकडं 'एका इसमास' लिहून मी किती बातम्या सोडल्या असतील, त्या रात्री एकेक आठवत होत्या.

कोर्टात रेकॉर्डिंग करणं गुन्हा आहे, १९८१ च्या कंटेम्प्ट (कोर्टाच्या अवमानाच्या) कायद्यानं, म्हणून शॉर्टहँड. इथं टीलाइन नावाची शॉर्टहँड चालते, एनसीटीजे ह्या पत्रकार-प्रशिक्षणाच्या संस्थेच्या परीक्षेत मिनिटाला १०० शब्दांचा वेग हे जुनं माप आहे. सगळ्या कोर्सना ती नसते, इंटरनॅशनलला बऱ्याच ठिकाणी नसते, तरी शीक. मी ६० पर्यंतच पोचलो पण तेवढ्यानंही कान तयार होतो, माणूस नेमकं काय म्हणाला आणि आपल्याला काय ऐकू आलं ह्यातला फरक कळायला लागतो.

दुसरं, माहिती अधिकार. आपला २००५ चा, दहा रुपयांचं तिकीट लावायचं, ३० दिवस, आणि फक्त भारतीय नागरिकालाच. इथला कायदा २००० चा, अर्ज फुकट, कामकाजाचे २० दिवस, आणि अर्जदार इथला नागरिक असायची अट नाही, जगात कुठूनही कुणीही मागू शकतो. ताई, तू आज वडणग्यात बसून कार्डिफच्या महापालिकेला ईमेलनं माहिती मागू शकतेस. मी तर परदेशी विद्यार्थ्यांच्या घरभाड्याच्या तक्रारींची मागितली, माझा पहिला बरा प्रोजेक्ट तोच झाला. महापालिका बीट केलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, बाकीची पोरं अर्ज कसा लिहायचा विचारत माझ्याकडं यायची.

वडणगेकर

हे वाचून अंगावर काटा आला. म्हणजे अडीच वर्षं जे केलं ते वाया नाही.

भाषेचं सांगा ना पण. माझं इंग्रजी लिहायला बरं हाय, बोलताना मी मनात मराठीत जुळवतो मग बोलतो, तेवढ्यात समोरचा पुढं गेलेला असतो.

मिरजकर_बॉन

मी बॉनला आहे, डॉइच वेले अकादमी, बॉन विद्यापीठ आणि तिथलं उपयोजित विज्ञानाचं विद्यापीठ मिळून इंटरनॅशनल मीडिया स्टडीजचा मास्टर्स चालवतात, त्याला. भाषेचं भय सगळ्यांना असतं, आमच्या वर्गात कित्येक देशांचे लोक आहेत आणि सगळेच मनात आपापल्या भाषेत जुळवून बोलतात, त्यामुळं कुणी कुणाला घाई करत नाही. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्यात बसलं की जास्त जड जातं हे मात्र खरं.

जर्मनीचं थोडक्यात, कारण विचारणारे बरेच असतात. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. कोर्सची सक्तीची इंटर्नशिप त्यात मोजत नाहीत. पण स्वतंत्र, बिलावर काम करायला इथंही परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेगळी परवानगी लागते, तेव्हा फ्रीलान्सचं दुखणं इकडंही तेच. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला (ठरावीक रक्कमच महिन्याला काढता येते असं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, महिन्याला ९९२ च निघतात. भारतीयांना त्याआधी एपीएस सर्टिफिकेट (आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचं), त्याला वेळ धरून चाला. आणि जर्मन येत नसेल तर स्थानिक न्यूजरूमची दारं बंदच समजा, माझी दोन वर्षं भाषेतच गेली, आता कुठं बेकरीत माणसं मला इंग्रजीत उत्तर द्यायची थांबलीत.

दोन-तीन देश बघायचे असतील तर इरॅस्मस मुंडसचा जर्नालिझम, मीडिया अँड ग्लोबलायझेशन बघा. पहिलं वर्ष डेन्मार्कला ऑर्हूसमध्ये, दुसरं विषयाप्रमाणं प्राग, म्युनिक, ॲम्स्टरडॅम अशा ठिकाणी. स्कॉलरशिप मिळाली तर महिन्याला १४०० युरो. स्पर्धा भयंकर आहे, तरी अर्ज करावाच.

आई_राजारामपुरी

माझी लेक अमेरिकेत मिझुरीला पत्रकारितेच्या मास्टर्सला आहे. मला ह्यातलं सगळं कळत नाही, तिच्याकडून ऐकून लिहिते, काही चुकलं तर सांगा.

ती म्हणते तिथली शाळा १९०८ पासूनची आणि शिकायचं म्हणजे विद्यापीठाच्याच गावातल्या खऱ्या पेपरात काम करायचं, गावातली माणसं तो पेपर विकत घेऊन वाचतात. विद्यापीठाचा टीव्हीपण आहे, त्यावर गावाचं हवामान, शाळा, निवडणुका सगळं. काम कोर्सचाच भाग आहे त्यामुळं घरबसल्या अनुभव मिळाला. बाहेरची इंटर्नशिप करायची तर आधी एक शैक्षणिक वर्ष पूर्ण, मग सीपीटीची, म्हणजे शिकत असताना बाहेर काम करायची परवानगी. कोर्स संपल्यावर ओपीटी, म्हणजे आपल्या विषयातलं काम करायची मुभा, १२ महिने. इंजिनिअर पोरांना पुढं वाढवून मिळतं, पत्रकारितेला सहसा नाही, हे आम्हाला आधी नीट कळलं नव्हतं.

व्हिसाच्या वेळेचं एक सांगते. २०२५ च्या जूनपासून स्टुडंट व्हिसाच्या अर्जदारांना सोशल मीडिया अकाउंट पब्लिक ठेवायला लावलंय. तिच्या मैत्रिणीचा अर्ज तेव्हा होता, ती पोरगी पण लिहिणारी, दोन रात्री बसून स्वतःच्या जुन्या पोस्ट वाचत होती की ह्यातलं काय कुणाला खटकेल. पत्रकार होऊ घातलेल्या पोरीला आपण काय लिहिलं ह्याची अशी भीती वाटावी, मला ते बघून फार वाईट वाटलं.

वडणगेकर, तुझ्या आईशी बोलावंसं वाटतंय मला. पहिले तीन महिने फोनवर पोरी हसतात आणि फोन ठेवून रडतात, हे आईला आधी कुणी सांगितलेलं बरं असतं.

गडहिंग्लज_ते_लीड्स

पैशाचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर गेलतो, सामाजिक न्याय विभागाची, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी, वर्षाला ७५ जागा, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, आणि विद्यापीठ क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये असायला लागतं. फी, राहण्याचा भत्ता, विमानाचं तिकीट सगळं. मराठा-कुणबी समाजासाठी सारथी ह्या सरकारी संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची आहे, तिच्याही ७५. तुम्ही कशात बसता ते बघा, आणि रँक दरवर्षी हलतो तेव्हा त्या वर्षीच्या यादीतच बघा.

ह्या दोन नावांबद्दल मला नेहमी भरून येतं. बाबासाहेब १९१३ ला कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. ३१ जानेवारी १९२० ला त्यांनी 'मूकनायक' काढलं, त्याला शाहू महाराजांनी पैशाची मदत केली, मार्चमध्ये आपल्या माणगावला परिषद झाली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला परत गेले. पेपर काढणं आणि परदेशी शिकणं एकाच वर्षात, एकाच माणसाचं, आणि पाठीशी आपला राजा. वडणगेकरांच्या वडिलांना हे सांगा. ते शिक्षक आहेत, त्यांना माहीत असणारच, फक्त आपल्या लेकीशी जोडून कधी बघितलं नसेल.

चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती पण आहे, दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडं आहे. शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायची अट असते. ह्या वर्षीची मुदत ऑक्टोबरमध्येच संपली, पुढच्या वर्षीचा अर्ज ऑगस्टमध्ये उघडेल.

कर्जावर जाणार असाल तर हिशोब मांडून घ्या. ब्रिटनच्या व्हिसाला लंडनबाहेर राहण्याचे महिन्याला ११७१ पौंड, नऊ महिन्यांचे १०,५३९ दाखवावे लागतात, स्वतःचे पैसे असतील तर खात्यात सलग २८ दिवस. पाहुण्यांकडनं आणून आठ दिवस ठेवले असं चालत नाही. आरोग्याचा सरचार्ज वर्षाला ७७६, एक वर्षाच्या कोर्सला व्हिसा थोडा पुढंपर्यंत मिळतो म्हणून तो दीड वर्षाचा भरावा लागतो, ११६४ पौंड. हे फीच्या वर. कन्सल्टंट लोक फी सांगतात आणि गप्प बसतात.

रंकाळ्यावरचा

मराठीत काम केलेल्याला कोण विचारतं का, त्याचं उत्तर राहिलेलं. एक किस्सा सांगतो, जरा मोठा आहे.

२२ जून २०२५ ला मिलानमध्ये प्राडाच्या शोमध्ये पोरं कोल्हापुरी घालून चालली. व्हिडिओ मला आईनं पाठवला, खाली एवढंच लिहिलेलं, 'बघ की हे.' दुसऱ्या दिवसापासून इंग्रजी माध्यमांत जे आलं त्यात चप्पल दोन ओळीत उरकलेली, जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) २०१९ चा, झालं. तो टॅग महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, म्हणजे आमच्याइतकाच बेळगाव-धारवाडकडच्या कारागिरांचाही आहे, हेही बऱ्याच ठिकाणी नव्हतं.

एका ऑनलाइन मासिकाच्या संपादकाला मी आधी भेटलेलो, तिनं विचारलं लिहितोस का, पैसे देऊ. अगदी ज्या दिवशी मला लिहावंसं वाटलं त्याच दिवशी मला लिहायची परवानगी नव्हती. तिला तसं सांगितलं. विद्यापीठाच्या व्हिसा ऑफिसला विचारलं, त्यांनीही नाहीच म्हटलं. मग तोच विषय मी फायनल प्रोजेक्टला घेतला.

सुभाषनगरातल्या एका कारागीर काकांना व्हिडिओ कॉल करायचो, त्यांचे सकाळचे दहा म्हणजे माझे पहाटेचे साडेपाच. फोन एका डब्याला टेकवून ठेवायचे, त्यामुळं मला त्यांचा चेहरा कधी दिसलाच नाही, फक्त हात, पाथर, रापी (चामडं कापायचं हत्यार) आणि चामडं. म्हशीचं कातडं, बाभळीच्या साली आणि हिरड्यात कमावलेलं. खिळा नाही, चामड्याच्याच वादीनं शिवायचं. वेणी घालताना ते गप्प व्हायचे, तेवढी होईस्तोवर प्रश्न विचारायचा नाही हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. म्हणाले, "माझं नाव घाल नाहीतर नको घालू, पण वेणीला पट्टा लिहू नको." आता वेणीला इंग्रजीत ब्रेड म्हणतात, चपलेच्या बाजूला असतो त्या कानाला काय म्हणायचं? मी 'कान' तसाच ठेवला आणि पुढं एका वाक्यात काय असतो ते सांगितलं. ट्यूटरनं खोडला. मी परत घातला. आमची अर्धा तास चर्चा झाली, शेवटी तो राहिला.

ग्रॅज्युएट व्हिसा झाल्यावर आज मी जिथं काम करतोय तिथं मुलाखतीत दुसरं काही विचारलंच नाही, त्या प्रोजेक्टबद्दल वीस मिनिटं बोलले. त्यांना हेच पाहिजे होतं, की फोन उचलल्यावर पलीकडचा माणूस ज्याच्याशी मोकळं बोलतो असा रिपोर्टर. चांगलं इंग्रजी लिहिणारे त्यांच्याकडं ढिगानं पडलेत. सुभाषनगरात फोन लावू शकणारा नव्हता.

आणि वेल्सला यायचा एक फायदा ज्याचा मी कधी विचार केला नव्हता. इथं स्टेशनवर आधी वेल्श बोलतात, मग इंग्रजी. रस्त्यावर 'अराफ' लिहिलेलं असतं, म्हणजे हळू चला. वेल्श बोलणारे सगळे मिळून साडेपाच लाखाच्या आतबाहेर, २०११ च्या जनगणनेत एकट्या कोल्हापूर शहराची लोकसंख्या तेवढी होती. एवढ्या माणसांसाठी १९८२ पासून एक पूर्ण टीव्ही चॅनल चालतं, बातम्यांची वेबसाइट आहे, लहान पोरांचे कार्यक्रम आहेत. आपण आठ कोटींच्या वर आहोत. पहिल्या महिन्यात ते चॅनल लावून मला एक शब्द कळत नसताना मी तासभर बघत बसलेलो.

बिंदूचौक

वेणीचं वाचून बरं वाटलं. आम्हाला जुने संपादक हेच सांगायचे, ज्याचं काम त्याचाच शब्द.

एका गोष्टीवर मात्र माझं तुमच्याशी पटत नाही. बिनपगारी प्लेसमेंटला तुम्ही सगळे 'रस्ता' म्हणताय. कोर्सचा भाग असला तर तिकडच्या किमान वेतनाच्या कायद्यातूनही ती सुटते असं मी वाचलंय. म्हणजे पोरीनं कर्ज काढून फी भरायची आणि वर फुकट राबायचं. इथं आम्ही स्ट्रिंगरना (पगारावर नसलेल्या बातमीदारांना) वर्षानुवर्षं असंच राबवलं, मीही त्यात होतो, त्याचं मला वाईट वाटतं. तिकडं झालं म्हणून ते चांगलं होत नाही.

रंकाळ्यावरचा

काका, बरोबर आहे तुमचं. सूट आहे, कोर्सच्या प्लेसमेंटला वर्षभरापर्यंत. माझे दोन आठवडे बिनपगारीच होते, बसचे पैसे पण खिशातले. पण त्या दोन आठवड्यांत मला नुसत्या दुसऱ्यांच्या बातम्या उतरवायला बसवलं नाही, तिसऱ्या दिवशी नगरपरिषदेच्या बैठकीला पाठवलं आणि बातमीला बायलाइन, म्हणजे माझं नाव दिलं. दोन-चार आठवडे, शिकवणारं कोणी शेजारी असेल तर करावं असं मला वाटतं. तीन महिने कोणी फुकट मागत असेल तर मीही नाही म्हणेन.

आई_राजारामपुरी

लेकीला विचारलं, ती म्हणते पहिल्या दिवशीच विचारायचं की मला रोज कोण एडिट करून देणार. त्या माणसाचं नाव सांगता आलं नाही तर समजायचं.

वडणगेकर

मंडळी, दहा दिवसांनी लिहितोय. विद्यापीठाला मेल टाकलता, पहिलं उत्तर रंकाळ्यावरचे म्हणाले तसंच गुळगुळीत आलं. परत नेमके तीन प्रश्न नंबर घालून विचारले. काल सविस्तर उत्तर आलं, प्लेसमेंट कुठली धरतात, कुठली २० तासांत मोजतात, कोर्सच्या कुठल्या भागाला मार्क हायत, सगळं. त्यासोबत स्टुडंट व्हिसाच्या टीमचा वेगळा पत्ता पण दिलाय. कन्सल्टंटला तो मेल फॉरवर्ड केला, त्यानं अजून उत्तर दिलेलं नाही.

गडहिंग्लजवाल्या दादांचं सगळं लिखाण पप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलो. मूकनायकाचं आलं तसं ते उठून आत गेले, मला वाटलं चिडले. कपाटातनं माणगाव परिषदेवरची एक जुनी पुस्तिका घेऊन आले आणि चष्मा लावून तारखा तपासत बसले. मग म्हणाले, "जुलै बरोबर हाय." एवढंच. रात्री जेवताना विचारले, किती दिवस लागतात गं व्हिसाला.

ठरवलंय असं. शिष्यवृत्तीच्या जाहिराती निघतील तसा अर्ज करायचा, जून अखेरपर्यंत काय झालं नाही तर विद्यापीठाला एक वर्ष पुढं ढकलायची विनंती करायची, आणि ऑगस्टमध्ये चेव्हनिंग भरायचं. तोपर्यंत सर्किट बेंचला आठवड्यातनं दोन दिवस जाऊन बसायला संपादकांनी परवानगी दिलीय. टीलाइनचं पुस्तक मागवलंय. यंदाच्या पुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडेल तेव्हा ४३ च्या धोका पातळीची वाट न बघता चिखली-आंबेवाडीच्या बायकांकडं जाऊन बसणार हाय, त्या जनावरं कधी हलवायची हे कशावरनं ठरवतात ते मला लिहायचंय.

आई_राजारामपुरी, आईनं तुमचं वाचलंय. तिला तुमच्याशी बोलायचंय, मेसेज केलाय.

आई_राजारामपुरी

बोललो आम्ही. पाऊण तास. गुरुवारी येतेय ती घरी.

मिरजकर_बॉन

व्हिसाच्या कागदात टीबी टेस्टचं सर्टिफिकेट लागतं ब्रिटनला, ते ठरलेल्या क्लिनिकचंच चालतं, गावातल्या डॉक्टरचं नाही. अपॉइंटमेंट आधी घ्या, ऑगस्टमध्ये गर्दी असते.

वडणगेकर

लिहून घेतलो.